इंजिन वर-खाली करतंय

रत्नागिरी हा ट्रॅक्टरचा मुलूख नव्हे. आमच्याकडे भाताच्या खाचरात चार पावलं सरळ गेलं की बांध लागतो आणि बांधाखाली पुरुषभर खोल दुसरं खाचर. पूर्वी तिथे जोत फिरायचं, आता पॉवर टिलर फिरतो. ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या शेतात जाऊन यावं लागेल. तरीही सड्यावर, खाडीलगतच्या मळ्यांत, चिरेखाणींच्या वाटांवर जुने ट्रॅक्टर दिसतात. बरेचसे आंबा घाट उतरून कोल्हापूरकडून आलेले. तिकडच्या उसात नवा ट्रॅक्टर आला की जुना इकडे चिरे, शेणखत आणि आंब्याच्या पेट्या ओढायला येतो. आमचाही तसाच आला. १९५९ साली फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला, १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर सुरू केले, १९७१ मध्ये पिंजोरला एचएमटीनं झेटर बनवायला घेतला. त्या काळात कधीतरी आमच्याचा जन्म. कोणाच्या घरी, ते सांगत नाही. बॉनेटवरचं नाव खाऱ्या हवेनं केव्हाच खाल्लंय आणि म्हातारपणातल्या तक्रारींचा ठपका जन्मदात्यावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

वडिलांनी तो घेतला, माझ्याकडे आंब्याच्या कलमांबरोबर आला. माझी सगळी नोकरी एसटीच्या डेपोत हिशेब लिहिण्यात गेली. डिझेल मला लिटरात आणि रुपयांत माहीत होतं, हाताला त्याचा वास लागला तो निवृत्तीनंतर. ट्रॅक्टरची तक्रार एकच, पण चिवट. इंजिनाचा वेग एका जागी राहत नाही. उभ्या उभ्या धुक्-धुक् करता करता आपोआप फणफणायचं, मग आता विझतं की काय असं वाटेपर्यंत खाली बसायचं आणि पुन्हा वर. त्या वर-खाली करण्याच्या मागे लागून जे काही पदरात पडलं, ते हे.

१. तक्रार सांगता येणं हेच मुळात एक काम आहे, हे मला मिस्त्रींच्या प्रश्नांनी कळलं. मिस्त्री म्हणजे आमच्या पंचक्रोशीतले जुने फिटर. भाताच्या गिरण्यांवरची ऑइल इंजिनं सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. मी म्हटलं, "इंजिन नीट चालत नाही." त्यांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "थंड असताना की तापल्यावर? रिकामा की ट्रॉली लावल्यावर? वर जात नाय की खाली येत नाय? धूर कसला?" एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डेपोत ड्रायव्हरनं "गाडी बरोबर नाही" एवढंच लिहून दिलं तर आम्ही हसायचो, ते आठवलं. वेगाची दुखणी निदान चार तऱ्हेची. स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न ओढता, वर-खाली होणं, पूर्ण ओढलं तरी वर न चढणं, लोड आला की बसणं आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खाली घेतलं तरी न उतरणं. चौघांची घरं वेगळी. धुराचंही तेच. काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कुठून तरी पाणी येतंय. तोवर धुराकडे मी फक्त वाळत घातलेल्या कपड्यांच्या संदर्भात पाहिलं होतं.

२. कान फार दयाळू असतो. आपलं इंजिन बरोबर चाललंय असं त्याला वाटू द्यायचं असतं. आमचा फेऱ्यांचा मीटर वडिलांच्याच काळात मेलेला, त्याची सुई कायमची एका आकड्यावर बसलेली. मी अंदाजानं चालवायचो आणि माझ्या अंदाजात सगळं ठाकठीक होतं. मुलगा सुट्टीत आला तो लेझरचा छोटा टॅकोमीटर घेऊन. फिरत्या भागावर चमकती पट्टी चिकटवायची, यंत्र समोर धरायचं, आकडा दिसतो. स्लोवर अशी जुनी इंजिनं मिनिटाला साधारण ६०० ते ८०० फेऱ्यांवर असतात. आमचा त्याच्याही खाली जाऊन धडपडत होता, मग एकदम वर उसळत होता आणि मला मात्र तो "जरा तालात" वाटत होता.

मीटर नसेल तर पीटीओ, म्हणजे जोडलेली यंत्रं फिरवणारा मागचा दांडा, आहेच. त्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४०. तो गाठायला इंजिनाला किती फिरावं लागतं ते प्रत्येक ट्रॅक्टरचं वेगळं असतं आणि कागदपत्रांत लिहिलेलं असतं. तिथून उलटा हिशेब करता येतो. हिशेब म्हटल्यावर मला जरा धीर आला. मात्र लुंगी किंवा पंचा नेसून पीटीओच्या जवळ जायचं नाही. हे मिस्त्रींनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की त्यामागची हकिगत मी विचारली नाही. त्यांचा स्वतःचा मीटर वेगळाच. गिरणीवरची लिस्टर जातीची इंजिनं ६५० फेऱ्यांची, एका सिलिंडरची. चार स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक फटका, म्हणजे मिनिटाला ३२५ फटके. मिस्त्री म्हणे पलीकडच्या वाडीतून ऐकून सांगत, आज गिरणीचं इंजिन मंद आहे. मला त्यांचा हेवा वाटतो. माझ्या कानाला अजूनही दयाच येते.

३. स्वस्तातलं आधी बघावं, ही काटकसर नव्हे, शिस्त आहे. ट्रॅक्टर सकाळी चांगला सुरू व्हायचा, सड्यावर पोचेपर्यंत ठणठणीत, आणि फवारणीला पंप लावला की थोड्या वेळानं बसायला लागायचा. थोडा वेळ थांबवला की पुन्हा चांगला. मी मनातल्या मनात डिझेल पंपाचा खर्च धरून ठेवला. मिस्त्री आले, इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. "टाकीचा झाकाण काढ." झाकण सैल करताच सूं करून हवा आत गेली. झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, ते मातीनं लिंपलेलं. कुंभारमाशीचं घर! आमच्याकडे ही बाई कशालाही सोडत नाही. कुलपाची भोकं, नळाची तोंडं, रेडिओची मागची जाळी, सगळीकडे तिचं मातीकाम चालू. डिझेल खाली गेलं की वर हवा यायला हवी. ती येत नसेल तर टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल पंपाकडे यायला कुरकुरतं. काडीनं भोक मोकळं केलं. मिस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र दोनदा घेतला. आता पाऊस संपला की कलमांची पाहणी करावी तशी मी झाकणाची करतो.

४. पाण्याचं मात्र काडीनं भागत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींनाही घाम फुटतो. अर्धी रिकामी टाकी चार महिने उभी राहिली की वरच्या रिकाम्या जागेतली दमट हवा थंड पत्र्यावर पाणी सोडते. ते डिझेलपेक्षा जड, तळाशी बसतं. डिझेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट गाळ फिल्टर भरून टाकतो. इंजिन अधूनमधून चुकल्यासारखं करतं, पांढरा धूर सोडतं, दम खातं. उपाय अगदी साधे. पावसाआधी टाकी काठोकाठ भरून ठेवायची. गाळाची वाटी खोलून खालचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्यायचं आणि रात्रभर ठेवायचं, सकाळी थर दिसतो. डबे उघड्यावर ठेवायचे नाहीत, ओतताना कापड लावायचं. हिची एक जुनी मलमलची साडी त्या कामी गेली. हे वाक्य वाचून ती काय म्हणेल याची मला पूर्ण कल्पना आहे.

५. गळती नेहमी थेंबानं दिसते, ही माझी समजूत एका रबरी नळीनं मोडली. "एअर धरलीय" असं मिस्त्री म्हणाले तेव्हा मी सगळीकडे हात फिरवला. कुठे ओल नव्हती. ते म्हणाले, "भायेर यायचा ता दिसता. आत जायचा ता कसा दिसेल?" टाकीपासून, डिझेल ओढून घेणाऱ्या लिफ्ट पंपापर्यंतची बाजू ओढीची. तिथे रबरी नळीचा सांधा ढिला असेल तर चालत्या इंजिनात डिझेल बाहेर येत नाही, हवा आत शिरते. लिफ्ट पंपाच्या पुढची बाजू दाबाची, तिथे मात्र थेंब दिसतो. हवेचा एक बुडबुडा पंपात शिरला की त्या फटक्याला डिझेल कमी जातं. इंजिन अडखळतं, वेग सांभाळणारा गव्हर्नर घाबरून जास्त डिझेल मागतो, तोवर बुडबुडा निघून गेलेला असतो आणि इंजिन उसळतं. वर-खाली करण्याचा हा एक अगदी नेहमीचा रस्ता.

हवा काढायचा क्रम ठरलेला. आधी फिल्टरवरचा स्क्रू, मग पंपावरचा, मग नोझलकडच्या नळ्यांचे नट. प्रत्येक ठिकाणी फेस जाऊन सलग धार येईपर्यंत हात पंप मारायचा. क्रम उलटला तर मागे राहिलेली हवा पुन्हा पुढे येते. नळ्यांच्या सांध्यांवरच्या बँजो बोल्टाखालचे तांब्याचे वायसर तर मला फार आवडले. वापरून वापरून ते कडक होतात आणि मग बसत नाहीत. लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ. पोलादाला तापवून बुडवलं की ते कडक होतं आणि तांबं नरम पडतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं. गॅसच्या शेगडीवर चिमट्यात वायसर धरून उभा असताना ही स्वयंपाकघरात आली, बघितलं आणि काही न बोलता परत गेली. चाळीस वर्षांच्या संसारातली ही एक मोठी सवलत मानतो.

६. जिथे दुखतं तिथे दुखणं नसतं, हे डॉक्टर सांगतात तेव्हा पटत नाही, पण आमच्या गव्हर्नरनं पटवलं. वरचं सगळं झालं तरी स्लोवर वर-खाली होणं थांबेना. मग मी गव्हर्नर म्हणजे काय ते समजून घ्यायला बसलो. माझ्या डोक्यात शाळेतलं चित्र होतं, जेम्स वॅटचं. १७८८ च्या सुमारास त्यानं वाफेच्या इंजिनाला दोन गोळे फिरवायला लावले. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वाफेची वाट आवळतात, वेग कमी झाला की आत येतात आणि वाट उघडतात. माणसाची गरजच नाही. पुष्कळ डिझेल पंपांत आजही अशीच वजनं फिरतात. आमच्या पंपात मी गोळे शोधत होतो आणि तिथे गोळेच नव्हते.

त्या पिढीच्या काही ट्रॅक्टरांवर हवेवर चालणारा गव्हर्नर असतो. इंजिन जिथून हवा ओढतं त्या वाटेत एक अरुंद केलेली जागा आणि तिथे एक फुलपाखरू, म्हणजे आपली गोल झडप. आपण हातानं ॲक्सिलरेटर ओढतो तेव्हा डिझेल वाढवत नाही, फक्त ही झडप उघडतो. त्या अरुंद जागेतून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डब्यात जाते. डब्यात एक पडदा, डायफ्राम, आणि पडद्याला जोडलेली रॅक, जी डिझेल कमी-जास्त करते. इंजिन जोरात फिरलं की अरुंद जागेत ओढ वाढते, ओढ पडद्याला खेचते, पडदा रॅकला मागे घेतो, डिझेल कमी. इंजिन मंद झालं की ओढ कमी, स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलते, डिझेल जास्त. किती हुशारीचं, आणि किती नाजूक! कारण नळीला बारीकशी जरी चीर गेली तरी ओढ पडद्यापर्यंत पोचत नाही. पंपाला वाटतं इंजिन मंद आहे, तो डिझेल सोडत राहतो. म्हणजे चूक हवेच्या नळीची आणि फणफणण्याचं खापर डिझेलच्या पंपावर.

पडदा तपासायची मिस्त्रींची रीत अगदी देशी. इंजिन बंद ठेवून स्टॉपचा दांडा ओढायचा म्हणजे रॅक मागे जाते. नळी काढून डब्याच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबायचा आणि दांडा सोडायचा. पडदा धड असेल तर रॅक थोडी पुढे येऊन अडते, मग अगदी हळूहळू सरकते. फाटका असेल तर धाडकन पुढे. आमचा पडदा चामड्याचा, वाळून पापडासारखा कडक झालेला, पण फाटलेला नव्हता. त्याला तेल पाजून मऊ केला. चीर होती ती नळीला, क्लिपच्या बरोबर खाली, जिथे नजर जात नाही तिथे. नवी नळी मोटारसायकलच्या दुकानात मिळाली. दुकानदारानं विचारलं, "कुठल्या गाडीची?" मी ट्रॅक्टरचं सांगितलं. त्यानं माझ्याकडे आणि नळीकडे आळीपाळीनं पाहिलं.

७. गव्हर्नर चुकतो तो बहुतेक वेळा उशिरामुळे. नळी बदलल्यावर फणफणणं गेलं, पण बारीकसं वर-खाली उरलंच. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, यावर मॅक्सवेलनं लिहिलंय." मला वाटलं कुठल्या तरी मेकॅनिकचं नाव. निघाला तो विजेच्या आणि चुंबकाच्या समीकरणांचा जेम्स क्लार्क मॅक्सवेल! १८६८ साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरांवरच एक निबंध मांडला होता. गणित माझ्या डोक्यावरून गेलं, पण मुलानं त्यातला गाभा सांगितला. यंत्राला धक्का बसल्यावर चारच गोष्टी होऊ शकतात. बिघाड वाढत जातो, किंवा कमी होत संपतो. हेलकावे मोठे होत जातात, किंवा लहान होत विरतात. कोणती होणार, ते गव्हर्नर किती जोरानं आणि किती उशिरानं उत्तर देतो यावर. मिस्त्रींच्या चार प्रश्नांनंतर ही दुसरी चौकडी.

आणि उशीर कुठे होत होता, ते मग दिसलं. ॲक्सिलरेटरच्या दांड्याच्या पिना झिजून बारीक झालेल्या, त्यांची भोकं लांबट झालेली. झडपेच्या दांड्यातही खेळ. इंजिनाच्या थरथरीनं झडप स्वतःच थोडी उघडझाप करायची. रॅकही एका जागी किंचित अडत होती, म्हणजे पडद्यानं ओढलं तरी आधी अडायची आणि मग एकदम सुटायची. कुठेच मोठा बिघाड नाही. प्रत्येक सांध्यात केसभर सैलपणा, सगळ्यांचा मिळून एवढा की निरोप पोचेपर्यंत परिस्थिती बदललेली. त्या दिवसांत मी स्वतः काय करत होतो? इंजिन खाली गेलं की स्लोचा स्क्रू आवळायचो, वर गेलं की सोडायचो, थोडं थांबायचो, पुन्हा आवळायचो. यंत्राला एक गव्हर्नर पुरेनासा झाला म्हणून मी दुसरा उभा राहिलो होतो, पहिल्यापेक्षाही उशिराचा. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला. लेथवर नव्या पिना आणि बुश करून घेतले. त्याला जेवढे पैसे लागले तेवढ्यात आजकाल घरातली चार माणसं हॉटेलात जेवत नाहीत.

८. सील असलेल्या स्क्रूला हात लावायचा नाही. पंपावर जास्तीत जास्त वेगाचा आणि जास्तीत जास्त डिझेलचा असे स्क्रू असतात, तारेनं बांधून शिशाचं सील मारलेलं. लोडवर ट्रॅक्टर बसतोय म्हटल्यावर गावातला प्रत्येक जण सांगतो, "जरा डिझेल वाढवून घ्या." डिझेल वाढवलं की काळा धूर, पिस्टनला ताप, इंजिनाचं आयुष्य कमी. पंपाची खात्री करायची तर तो उतरवून टेस्ट बेंचवर नेतात. तिथे एक मोटर त्याला ठरलेल्या वेगानं फिरवते आणि प्रत्येक नळीतून किती डिझेल पडलं ते काचेच्या नळकांड्यांत मोजतात. मी आमचा पंप कोल्हापूरला नेला. तिथलं उद्यमनगर म्हणजे इंजिनाच्या माणसांचं पंढरपूर. गाळ्यागाळ्यातून ओतकाम, लेथ, ग्राइंडिंग. त्यातल्या एका पंपवाल्याची खोली मात्र दवाखान्यापेक्षा स्वच्छ. मला चपला बाहेर काढायला लावल्या. त्यानं पंप लावला, फिरवला, नळकांड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पंपात काय न्हाई. कुणी सांगितलं पंप गेलाय म्हणून?" मी कोणाचं नाव घेणार? घाट उतरून परत येताना पंप मांडीवर होता, साखरप्याला चहा प्यायला उतरलो तेव्हाही काखेत. निर्दोष सुटलेल्या माणसाला एकटं कसं ठेवायचं!

९. इंजिन थांबवायची चावी नेहमी चावीच्या जागी नसते. ही गोष्ट मी लिहीत बसणार नव्हतो, पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जुन्या ट्रॅक्टरांना हवा गाळायला ऑइल बाथ असतो. खाली वाटीत ऑइल, हवा त्यावरून वळून जाते, धूळ ऑइलला चिकटते. वाटीवर खूण असते, तिच्या वर ऑइल भरायचं नाही. घरातल्या कोणीतरी मायेनं भरलं. ट्रॅक्टर खळ्याच्या उतारावर उभा. इंजिन सुरू झालं आणि चढायला लागलं. ॲक्सिलरेटर खाली, तरी चढतंय. स्टॉप ओढला, तरी चढतंय. निळ्या धुरात घर दिसेना. त्याचं कारण मागाहून समजलं. इंजिन हवेबरोबर ऑइलच ओढत होतं आणि तेच जाळत होतं. अशा वेळी डिझेल बंद करून काय होणार, आणि गव्हर्नर तर डिझेलचाच मालक. मिस्त्री नेमके हजर होते. त्यांनी भिजलेलं किंतान चार पदरी करून हवेच्या तोंडावर टाकलं, वरून फळी दाबली आणि इंजिन गुदमरून थांबलं. हात लावायचा नाही, आतली ओढ हात ओढून घेते. हवेचं तोंड गाठता आलं नाही तर दुसरा उपाय वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडण्याचा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आईनं माडीवरून विचारलं, "झालं का रे दुरुस्त?"

१०. लोडवर थोडा वेग पडणारच, याचा मला उगाच अपमान वाटायचा. चिऱ्यांची भरलेली ट्रॉली घेऊन चढ लागला की इंजिनाचा आवाज जाड होतो आणि वेग खाली येतो. गव्हर्नरची रचनाच अशी की जास्त डिझेल सोडण्यासाठी आधी वेग थोडा कमी व्हावा लागतो, तेव्हाच त्याला कळतं. पडून तिथेच धरून राहिला तर तो निरोगी. पडतच गेला तर मात्र फिल्टर, एअर क्लिनर, नोझल, व्हाल्वची सेटिंग, सायलेन्सरमधली काजळी आणि शेवटी कॉम्प्रेशन या क्रमानं जायचं. या यादीतलं शेवटचं नाव मिस्त्री हळू आवाजात घेतात.

११. दुरुस्तीनं किंमत वाढते, हा माझा हिशेब गेल्या वर्षी चुकीचा ठरला. हल्ली जुने ट्रॅक्टर जमवणारी माणसं फिरतात. एक गृहस्थ घाटावरून आले. त्यांनी टायर पाहिले, चेसिसचा नंबर पाहिला, बॉनेटवर नाव नाही म्हणून हळहळले. मी इंजिन सुरू करून दिलं. आता ते स्लोवर चांगलं उभं राहतं, फक्त फार वेळ काम करून तापलं की अगदी बारीक झोका घेतं. नेमकं त्याआधी आम्ही सड्यावरून आलो होतो. गृहस्थांनी मान वाकडी करून ऐकलं. "थोडं वर-खाली करतंय." मी त्यांना खळ्यात खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. पडदा चामड्याचा आहे, तापला की थोडा बदलतो. धक्का बसला की चार गोष्टी होऊ शकतात, आमचे हेलकावे विरत जाणाऱ्यातले. मॅक्सवेलचंही सांगितलं, १८६८ सालासकट. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, कोकम सरबत संपवलं आणि आधी सांगितलेल्या किमतीतून आणखी पाच हजार कमी केले.

मी नाही म्हटलं. मिस्त्री पायरीवर बसून हे ऐकत होते. गृहस्थ गेल्यावर म्हणाले, "एवढा बोलायची काय गरज होती? थंड करून दाखवायचास."